द थर्ड मॅन (१९४९): शेवटच्या शॉटमध्ये कॅमेरा जागचा का हलत नाही?

रातराणी
(सगळी गोष्ट शेवटापर्यंत उघड होणार आहे. पाहिला नसेल तर आधी पाहा, मग या.)

दिग्दर्शक कॅरल रीडच्या 'द थर्ड मॅन'चा विषय निघाला की तीन गोष्टी हमखास येतात: दाराच्या काळोखात उजळणारा ऑर्सन वेल्सचा चेहरा, आकाशपाळण्यातलं बोलणं आणि गटारातला पाठलाग. तिन्ही थोर आहेतच. पण मला वाटतं चित्रपटाचा जीव शेवटच्या शॉटमध्ये आहे.

व्हिएन्नाची दफनभूमी. हॅरी लाईमला (म्हणजे वेल्सला: पाणी घातलेलं पेनिसिलिन काळ्याबाजारात विकणारा, आधी मेल्याचं सोंग केलेला) दुसऱ्यांदा पुरलंय, या वेळी खरोखर. त्याचा मित्र मार्टिन्स जीपमधून उतरून रस्त्याकडेला एका हातगाडीला टेकून उभा राहतो. दोन्ही बाजूंना निष्पर्ण झाडांच्या सरळ रांगा, मधोमध रस्ता आणि पार टोकाला लाईमची प्रेयसी अॅना, ठिपक्याएवढी. ती चालत येते. जवळ येते. त्याच्याकडे मान न वळवता तशीच पुढे जाते आणि कॅमेऱ्याजवळून चौकटीबाहेर निघून जाते. तो सिगारेट पेटवतो, काडी फेकतो. संपलं. मिनिटाहून जास्त वेळ एकही कट नाही, कॅमेरा बोटभरही सरकत नाही.

माझे दोन प्रश्न. एक, रीडने इथे कॅमेरा खिळवून का ठेवला? आणि दोन, अॅनाचं न थांबणं बरोबर आहे का?

पहिल्याचं माझं उत्तर असं: आख्ख्या चित्रपटात जमीन तिरकी आहे. इथे ती पहिल्यांदा सपाट होते.

मोजपट्टी
अर्धं पटलं. 'आख्ख्या चित्रपटात तिरकी' हे बरोबर नाही. सरळ चौकटी भरपूर आहेत. लाईमच्या मागावर असलेल्या ब्रिटिश मेजर कॅलोवेच्या कचेरीतले किंवा हॉटेलातले प्रसंग काढून पाहा. कॅमेरा कलतो तो ठरावीक जागी: लाईमच्या इमारतीचा जिना, तिथला पहारेकरी, लाईमचा साथीदार बॅरन कुर्ट्झशी पहिली भेट, दुसरा साथीदार डॉक्टर विंकेलचं घर, आणि लहानगा हान्सल मार्टिन्सकडे बोट दाखवून 'खुनी' म्हणतो तेव्हा भोवती जमलेले चेहरे. म्हणजे मार्टिन्सला कुणीतरी काहीतरी अर्धवट सांगतंय, किंवा त्याला समोरचं कळत नाहीये, अशा जागा.

तंत्राचा भाग सांगतो, कारण हल्ली लघुपटांत ही तिरकी चौकट मिठासारखी कुठेही शिंपडतात. एकट्या तिरक्या शॉटने काही होत नाही, डोळा दोन सेकंदांत सरावतो. छायाचित्रकार क्रॅस्कर आणि रीड काय करतात, तर संभाषणात एकाचा चेहरा डावीकडे कलवतात आणि समोरच्याचा उजवीकडे. कट पडला की जमीन एकदम उलटीकडे झुकते. प्रत्येक कटला तोल जातो, आणि तो कशाने जातोय ते प्रेक्षकाला सांगता येत नाही. दुसरं म्हणजे भिंग रुंद कोनाचं आणि कॅमेरा खाली. त्यामुळे छताच्या कडा, जिन्याचा कठडा, दाराची चौकट या सगळ्या रेषा चौकटीत शिरतात. कलणं दिसायला मुळात सरळ असलेली काहीतरी वस्तू लागते. मोकळ्या मैदानात, मागे झुडपं ठेवून कॅमेरा कलवलात तर तो कलवल्यासारखा दिसतच नाही, ट्रायपॉड नीट न लावल्यासारखा दिसतो.

दिग्दर्शक विल्यम वायलरने हा चित्रपट पाहून रीडला पाणसळ पाठवली होती, पुढच्या वेळी कॅमेऱ्यावर ठेव म्हणून. हे खुद्द रीडनेच सांगितलेलं आहे.

रातराणी
मान्य, 'आख्ख्या' हा शब्द मागे घेते. पण मग शेवटचा शॉट आणखीच ठळक होतो. नुसता सपाट नाही, काटेकोर सममितीचा आहे तो. अख्ख्या चित्रपटात इतकी शिस्तीत मांडलेली दुसरी चौकट आठवते का?

गल्लीबोळ
या चित्रपटात कुठली जागा कुणाच्या ताब्यात आहे हे माहीत नसेल तर निम्मी गोष्ट हातातून निसटते, म्हणून नकाशा मांडून ठेवतो.

१९४५ ते १९५५ व्हिएन्ना चौघांत वाटलेली होती. सोव्हिएत: २, ४, १०, २०, २१, २२ हे जिल्हे. अमेरिकन: ७, ८, ९, १७, १८, १९. फ्रेंच: ६, १४, १५, १६. ब्रिटिश: ३, ५, ११, १२, १३. मधला पहिला जिल्हा, म्हणजे जुनं गावठाण, चौघांचा सामाईक. तिथला कारभार दर महिन्याला एकाकडून दुसऱ्याकडे जायचा आणि गस्तीच्या जीपमध्ये चारही देशांचा एकेक शिपाई असायचा. अॅनाला पकडायला येतात ती हीच जीप.

आता चित्रपटातल्या जागा त्यावर ठेवा. मोठी दफनभूमी, त्सेंट्रालफ्रीडहोफ, ११व्या जिल्ह्यात. ब्रिटिश हद्द. म्हणून कॅलोवे तिथे निवांत उभा असतो. प्राटरचा आकाशपाळणा २ऱ्या जिल्ह्यात. सोव्हिएत हद्द. म्हणून लाईम तिथे मार्टिन्सला बिनधास्त भेटायला येतो, कारण तिथे कॅलोवे त्याला हात लावू शकत नाही. आणि लाईमला पकडायचं तर त्याला सामाईक भागात ओढून आणावं लागतं, म्हणून शेवटचा सापळा तिथल्या कॅफेत.

अॅनाचे कागद खोटे आहेत. ती मूळची चेकोस्लोव्हाकियाची, त्यामुळे सोव्हिएत तिच्यावर हक्क सांगतात. लाईमनेच तिला ते खोटे कागद करून दिले आणि त्यानेच स्वतःच्या सुरक्षिततेसाठी तिची माहिती सोव्हिएतांना पुरवली. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधताना हे विसरून चालणार नाही.

चिंचपाणी
वा! दफनभूमी ब्रिटिश हद्दीत हे कधी लक्षातच आलं नव्हतं. आता परत पाहणं आलं.

मोजपट्टी
गल्लीबोळ, गटारांचंही याच नकाशावर सांगा. जमिनीखाली हद्दी नव्हत्या, हाच तर लाईमचा सगळा धंदा.

गल्लीबोळ
बरोबर. वर हद्द ओलांडायला कागद लागायचे, खाली नाही. जाहिराती चिकटवायचे गोल खांब व्हिएन्नात चौकाचौकांत आहेत. तसल्या एकाला चित्रपटात दार आहे आणि आत खाली उतरणारा गोल जिना. मार्टिन्सच्या डोळ्यांदेखत लाईम रिकाम्या चौकात नाहीसा होतो तो तिथून.

गटारं तीन प्रकारची दिसतात, ती वेगळी ओळखता आली तर पाठलाग नीट कळतो. मोठी कमान आणि खाली वाहतं रुंद पाणी, ती वीन नदी. शहराच्या मध्यभागात ती झाकून घेतलेली आहे आणि पुढे डॅन्यूबच्या कालव्याला मिळते. तिच्या दोन्ही काठांनी जातात ती सांडपाण्याची मोठी गटारं, १८३०च्या दशकात कॉलऱ्याच्या साथीनंतर बांधलेली. आणि तिसरी, वरच्या रस्त्याला जोडणारी अरुंद, लोखंडी पायऱ्यांची. लाईम रुंदातून अरुंदात सरकत जातो आणि शेवटी जाळीखाली अडकतो. पावसाचं आणि सांडपाण्याचं पाणी तिथे एकत्रच वाहतं. मोठा पाऊस आला की गटारं भरून नदीच्या कमानीत सोडली जातात, म्हणून आजही पाऊस असेल तर पर्यटकांना खाली नेत नाहीत.

गटारांत गस्त घालणारं पोलिसांचं वेगळं पथक खरंच होतं. चित्रपटाचा लेखक ग्रॅहम ग्रीन १९४८च्या फेब्रुवारीत गोष्ट शोधायला व्हिएन्नात गेला, तेव्हा ब्रिटिश गुप्तचर खात्यातल्या एका अधिकाऱ्याने त्याला जेवताना या पथकाबद्दल आणि पेनिसिलिनच्या काळ्याबाजाराबद्दल सांगितलं. दोन धागे एकदमच हाती लागले.

काजवा
वेल्सला गटारात उतरायचं नव्हतं. त्यामुळे त्याचे बरेच शॉट इंग्लंडमधल्या स्टुडिओत उभारलेल्या गटारातले आहेत. जाळीतून वर येणारी ती बोटंही त्याची नाहीत, रीडची स्वतःची आहेत. रस्त्यांवरून धावणाऱ्या सावलीसाठी सहायक दिग्दर्शक गाय हॅमिल्टनला मोठा कोट चढवला होता.

कुपी
पेनिसिलिनवर थोडं विस्ताराने लिहिते. 'पाणी घातलं म्हणजे औषध कमी लागू पडणार, एवढंच ना' असं वाटतं, पण ग्रीनने निवडलेले रोगी नीट पाहा.

त्या वेळचं पेनिसिलिन कुपीत कोरड्या भुकटीच्या रूपात यायचं, साधारण १ लाख किंवा २ लाख युनिट. ते शरीरात टिकत नाही, मूत्रपिंडं तीन-चार तासांत बाहेर टाकतात. म्हणून दर तीन तासांनी सुई. रक्तातली पातळी एका मर्यादेच्या वर सतत राहिली तरच जंतू मरतात. एका कुपीच्या तीन केल्या तर प्रत्येकीत ३३ हजार युनिट उरतात. नर्स मात्र लेबलावरचा आकडा वाचून तेवढंच टोचते. पातळी मर्यादेला पोचतच नाही, नाजूक जंतू तेवढे मरतात आणि चिवट उरतात.

मेंदूज्वरात हे सगळ्यात भयंकर होतं, कारण रक्तातून मेंदूभोवतीच्या द्रवात पेनिसिलिन मुळातच थोडं पोचतं. त्यामुळे डोस मोठा लागतो. तो पातळ केला की पहिली कमतरता नेमकी तिथे पडते. मूल दोन दिवस बरं वाटल्यासारखं करतं, मग पुन्हा बिघडतं, आणि तोवर मेंदूला इजा झालेली असते. म्हणून कॅलोवे म्हणतो की सुदैवी मुलं मेली. बाकीच्यांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागलं.

आणखी एक. कुपीत मिसळलेलं पाणी निर्जंतुक नसणारच. आणि एकदा पाण्यात विरघळवलं की पेनिसिलिन थंड जागी नसेल तर झपाट्याने निकामी होतं. म्हणजे उरलेल्या ३३ हजारांचीही खात्री नाही.

आणि रीड हे किती संयमाने दाखवतो! मुलांच्या वॉर्डात एकही मूल दिसत नाही. आपण मार्टिन्सचा चेहरा पाहतो. एक नर्स पलंगावरून कापसाचं अस्वल उचलते आणि खोक्यात टाकते. ते डोक्यावर पडतं. बस.

सुपारी
कुपी, अस्वलाचं वाचून काटा आला. तो शॉट दोनच सेकंदांचा असेल, पण त्यानंतर लाईमबद्दल मनात काही उरत नाही.

अवांतर: पेनिसिलिन त्या काळी सोन्यासारखं का होतं, हे आपल्याकडेही कळण्यासारखं आहे. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिला तो पेनिसिलिन देशातच बनावं म्हणूनच. म्हणजे चित्रपटानंतर पाचच वर्षांनी.

कुपी
अवांतर कसलं, अगदी मुद्द्याचं आहे. जिथे औषध मुबलक बनतं तिथे लाईमचा धंदा चालत नाही. व्हिएन्नात ते फक्त लष्करी इस्पितळांना मिळत होतं, तिथले मदतनीस चोरून विकायचे. शवपेटीत लाईमऐवजी सापडतो तो हार्बिन तसाच मदतनीस, ज्याने कॅलोवेला माहिती दिली होती.

एकतारी
संगीताबद्दल अजून कुणीच कसं बोललं नाही?

अख्ख्या चित्रपटाला एकच वाद्य: झिथर. वाजवणारा अँटन कारास, व्हिएन्नाच्या वाइनगुत्त्यांत वाजवायचा. रीडने त्याला व्हिएन्नातच ऐकलं आणि लंडनला नेऊन चित्रपट पाहता पाहता वाजवून घेतलं. वाद्य टेबलावर आडवं ठेवतात. जवळच्या बाजूला पडदे असलेल्या पट्टीवर ५ तारा, त्यावर डाव्या हाताची बोटं दाबून सूर काढायचे आणि उजव्या अंगठ्यातल्या नखीने छेडायचे. पलीकडे ३० किंवा जास्त मोकळ्या तारा, त्या उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी, साथीला. म्हणजे एकाच माणसाच्या हातात स्वरमंडळ आणि सतारीची पट्टी दोन्ही आली अशी कल्पना करा. श्रेयनामावलीत दिसतात त्या झिथरच्याच तारा, सुरांबरोबर थरथरणाऱ्या.

हे वाद्य का चाललं, तर त्याला दुःख गंभीरपणे मांडताच येत नाही. व्हायोलिनं असती तर त्यांनी प्रत्येक प्रसंगाला काय वाटून घ्यायचं ते सांगितलं असतं. झिथर खुनाच्या प्रसंगातही गुत्त्यातलंच राहतं. शहराचं वागणंही तसंच आहे, कोण मेलं त्याने त्याचं काही अडत नाही.

आणि रीडला ते बंद कधी करायचं हे माहीत होतं. गटारातल्या पाठलागात झिथर नाही. पाणी, बूट, शिट्ट्या आणि जर्मन हाका. हाका घुमतात, त्यामुळे कुठल्या बोगद्यातून पोलीस येताहेत ते लाईमला कळत नाही. तो थबकतो, वळतो, दुसऱ्या तोंडाकडे पळतो. तिथे संगीत घातलं असतं तर तो गोंधळ आपल्याला ऐकूच आला नसता.

नवखा
प्रकाशाबद्दल विचारायचं होतं. रात्रीचे सगळे रस्ते ओले दिसतात. पाऊस कुठेच पडत नाही. लघुपटासाठी असं करायचं तर नुसतं पाणी मारून होतं का?

काजवा
नुसतं पाणी मारलंत तर रस्ता आणखी काळा दिसेल. इथेच सगळे चुकतात.

कोरडी फरसबंदी प्रकाश चहूकडे विखुरते. ओली फरसबंदी आरशासारखी वागते, ज्या कोनात प्रकाश येतो त्याच कोनात पुढे फेकते. दिवा कॅमेऱ्याच्या बाजूला असेल तर प्रकाश पुढे निघून जातो आणि कॅमेऱ्याला काळं डबकं दिसतं. म्हणून दिवा पलीकडच्या टोकाला, कॅमेऱ्याच्या दिशेने तोंड करून, कोपऱ्याआड किंवा खांबामागे लपवायचा. मग एकेक दगड उजळतो. क्रॅस्करचा प्रत्येक रात्रीचा रस्ता असा मागून उजळलेला आहे. त्या काळची फिल्म मंद होती, एवढा मोठा चौक समोरून उजळायला दिवे पुरले नसते. पाण्याने त्याच दिव्यांचं काम वाढवलं. १९५०च्या कृष्णधवल छायाचित्रणाचं ऑस्कर त्याला मिळालं ते उगाच नाही.

हिशेब: चौरस मीटरला साधारण १ लिटर. १० मीटर रुंद, ३० मीटर लांब बोळाला ३०० लिटर एका वेळी, आणि उन्हाळ्यात डांबर तापलेलं असेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा. शहाबादी किंवा दगडी फरशी असेल तर उत्तम, सांध्यांत पाणी टिकतं. पूर्ण भिजवू नका, मधे कोरडे पट्टे राहिले तर पोत दिसतो.

मोठ्या सावलीचंही विचारणार असाल तर आधीच सांगतो. फुगेवाल्याची सावली आठवा, कॅलोवेची माणसं दबा धरून बसलेली असताना भिंतीवर चढत येते ती. दिवा जमिनीलगत, उघडा, समोर कसलाही पांढरा कागद किंवा कापड नाही. सावलीची उंची दोन अंतरांच्या प्रमाणात वाढते. दिव्यापासून माणूस २ मीटर आणि भिंत २० मीटर असेल तर सावली दहापट, १.७ मीटरच्या माणसाची १७ मीटर. माणूस दिव्यापासून दूर, भिंतीकडे चालला की सावली लहान होत जाते, दिव्याकडे आला की वाढते. कडा धारदार हव्या असतील तर दिव्याचं तोंड लहान हवं. एलईडीचं मोठं पॅनल लावलंत तर कितीही प्रखर असलं तरी कडा पुसट येतात.

नवखा
दिवा मागे, हे डोक्यातच आलं नव्हतं. मनापासून आभार!

आगगाडी
व्हिएन्नाला जाणार असाल तर पायी फिरण्यासारखा क्रम देते. योसेफ्सप्लाट्झवरचा पालविचिनी राजवाडा, म्हणजे लाईमचं घर. दाराशी दगडी मूर्ती आहेत त्यावरून लगेच ओळखू येतं. तिथून जुन्या गावठाणाच्या पश्चिम कडेला श्रायफोगेलगासे ८, लाईम जिथे उभा असतो ते दार. दार प्रत्यक्षात साधंच आहे, थोडं उंचावर. मग आम होफ चौक. आकाशपाळणा यू-१ मेट्रोने, प्राटरश्टर्न स्टेशन. दफनभूमीला ७१ नंबरची ट्राम. गटारात उतरायची जागा कार्ल्सप्लाट्झजवळ, फेऱ्या उन्हाळ्याच्या महिन्यांतच असतात. आणि ऑपेर्नरिंगवरचं बुर्ग कीनो हे थिएटर वर्षानुवर्षं हा चित्रपट दाखवत आलंय.

पाळणा १८९७चा, पावणेपासष्ट मीटर उंच. युद्धात जळला, १९४७मध्ये पुन्हा उभा केला तेव्हा ३०ऐवजी १५च डबे बसवले. चित्रपटात प्रत्येक दोन डब्यांमध्ये मोकळी जागा दिसते ती त्यामुळे.

चिंचपाणी
आणि त्याच डब्यातून तो खालच्या माणसांना ठिपके म्हणतो. यातला एखादा ठिपका हलायचा थांबला तर तुला खरंच वाईट वाटेल का, प्रत्येक ठिपक्याला वीस हजार पौंड मिळत असतील तर? तेही प्राप्तिकराविना!

स्वित्झर्लंडने पाचशे वर्षांच्या शांततेतून काय दिलं, तर कोकिळेचं घड्याळ, हे लाईमचं वाक्य मात्र ग्रीनचं नाही, वेल्सने स्वतः घातलंय. घड्याळं स्वित्झर्लंडची नाहीत, जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधली. लाईम खोटं किती सहज बोलतो याचा तो आयताच पुरावा झाला.

पडदा
पाहणाऱ्यांसाठी प्रतीबद्दल, कारण चुकीची प्रत पाहिली तर वरची निम्मी चर्चा फुकट.

ब्रिटिश आवृत्ती १०४ मिनिटं. सुरुवातीचं निवेदन रीडच्या स्वतःच्या आवाजात, काळ्याबाजारातल्या कुणा अनामिकाचं. हौशी लोकही या धंद्यात उतरतात पण टिकत नाहीत, असं तो बेफिकीरपणे सांगत असतो आणि पडद्यावर नदीत तरंगणारं प्रेत. अमेरिकेत सहनिर्माता सेल्झनिकने ९३ मिनिटांवर आणली आणि निवेदन जोसेफ कॉटनच्या, म्हणजे मार्टिन्सच्या तोंडी दिलं. तिथेच घोळ झाला. मार्टिन्स सांगतोय म्हटल्यावर तो जाणता ठरतो, आणि चित्रपट उभा आहे तो त्याच्या अजाणतेपणावर. ब्रिटिशच पाहा. २०१५मध्ये ४के प्रत तयार झाली आहे, ती मिळाली तर ती.

जुन्या युरोपीय डीव्हीडीवर चित्रपट २४ऐवजी २५ फ्रेमनी पळतो. १०४ची १०० मिनिटं होतात आणि झिथर जवळपास पाऊण अर्धस्वराने चढतं. एकतारी यांना लगेच जाणवेल.

टीव्हीवर: चौकट १.३७ला १ आहे, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहायलाच हवेत. ताणून पडदाभर केलंत तर अॅना रुंद दिसते आणि झाडांच्या रांगा बसक्या. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद. शार्पनेस शून्याजवळ, नाहीतर फिल्मचा दाणा वाळूसारखा चमकतो. रंगाचं तापमान 'वॉर्म', 'कूल'वर कृष्णधवल निळसर पडतं. आणि खोलीत अंधार.

सबटायटल्सचं वेगळं सांगतो. जर्मन संवाद मुद्दाम भाषांतराविना ठेवलेले आहेत. मार्टिन्सला जर्मन येत नाही, आपल्यालाही येऊ नये. काही प्रतींत त्यांचंही भाषांतर येतं, ते बंद करा. अॅनाची घरमालकीण गोधडी गुंडाळून शिपायांवर ओरडत असते, त्यातला संताप शब्दांवाचून पोचतो. लाईमच्या इमारतीचा पहारेकरी तर 'स्वर्ग' म्हणताना खाली बोट दाखवतो आणि 'नरक' म्हणताना वर. त्याला इंग्रजी धड येत नाही आणि मार्टिन्सला जर्मन अजिबात नाही.

एकतारी
पाऊण अर्धस्वर म्हणजे भलताच फरक. झिथरच्या मोकळ्या तारांचा खर्ज त्यात हलका पडतो. माझ्याकडची प्रत तपासायला हवी.

सुपारी
रातराणी यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे परत येऊ या का? मला अॅनाचं वागणं पटत नाही. मुलांचं काय झालं ते तिला कळलेलं आहे. लाईमने तिलाच सोव्हिएतांच्या हवाली करायला मागेपुढे पाहिलं नाही. मार्टिन्सने तिच्यासाठी व्हिएन्नाबाहेर जाणाऱ्या आगगाडीची सोय केली. तरी ती त्याच्याकडे बघतही नाही?

गल्लीबोळ
ती लाईम निर्दोष आहे असं कुठेच म्हणत नाही. स्टेशनवरचा प्रसंग बघा. ती गाडीत बसलेली असते, खिडकीतून मार्टिन्स दिसतो. तो लपायला बघतो. ती खाली उतरते आणि दोन-चार प्रश्नांत काढून घेते की तिच्या सुटकेच्या बदल्यात त्याने मित्राला धरून द्यायचं कबूल केलंय. तिला तो सौदा मान्य नाही. तिची गाडी तिच्याशिवाय निघून जाते. तिच्यासाठी माणूस म्हणजे त्याच्याबद्दल काय कळलं त्याची बेरीज नाही. आणि शेवटी लाईमला गोळी कोणी घातली?

सुपारी
ती मार्टिन्सने घातली हे खरं. पण लाईमनेच मान हलवून सांगितलं होतं.

गल्लीबोळ
ते गटारात फक्त मार्टिन्सने पाहिलं. अॅनाने नाही.

कुपी
मी सुपारीच्या बाजूने आहे, तरी तिने थांबू नये असंच वाटतं. दोन्ही एकदम खरं असू शकतं. वॉर्ड मार्टिन्सने पाहिला, तिने नाही. तिला ते फक्त सांगितलं गेलं.

मोजपट्टी
ग्रीनने चित्रपटासाठी आधी कादंबरिका लिहिली, तिच्यात शेवटी अॅना मार्टिन्सच्या हातात हात घालते. रीड अडून बसला की नुकतंच पुरून आल्यावर असं होणं प्रेक्षकाला किळसवाणं वाटेल. ग्रीनला भीती होती की एवढा वेळ एक बाई नुसती चालतेय म्हटल्यावर लोक उठून जातील. नंतर पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने रीडचंच बरोबर होतं असं मोकळेपणाने मान्य केलं.

आणि यातच पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं. मधे मार्टिन्सच्या चेहऱ्याचा एक कट टाकला असता तर तिचं येणं हे त्याचं वाट पाहणं झालं असतं. तिच्या चेहऱ्याचा टाकला असता तर तिचा निर्णय होताना दिसला असता. कॅमेरा खिळवून ठेवल्यामुळे निर्णय कधी झाला ते कळतच नाही. बहुधा तो रस्त्याच्या त्या टोकालाच झालेला आहे, आणि आपण आणि मार्टिन्स दोघंही ते समजायला मिनिटभर घेतो.

रातराणी
मोजपट्टी, हे अगदी पटलं. मी जमीन सपाट होण्यात अडकले होते. मला आता सुरुवातीचं दफन आठवतंय. तिथेही ती एकटीच चालत जाते ना, आणि मार्टिन्स गाडीत असतो?

मोजपट्टी
हो. कॅलोवे त्याला गाडीतून शहरात नेतो आणि गाडी तिला मागे टाकून पुढे जाते. मार्टिन्स वळून बघतो. शेवटी तीच मांडणी पुन्हा येते, जीप तिच्या पुढे जाते. कॅलोवे म्हणतो, शहाण्यासारखा वाग, मार्टिन्स. तो म्हणतो, माझं नावच शहाण्यासारखं नाही. आणि या वेळी तो उतरतो.